वालपराइसोच्या खोलीची तारीख

बाळांनो, तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं असेल की आजी फेब्रुवारीत टोरांटोला येते आणि चांगली तीन महिने राहते. ते खरं नाही. मी तीन आठवडे राहणार आणि मग एकटी पुढे चिलीला जाणार. हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं, म्हणून आत्ता लिहायला बसले. नवा पासपोर्ट आला आहे, तो दहा वर्षं चालेल. माझे गुडघे तितके चालतील असं डॉक्टर म्हणत नाहीत.

तुमचे आजोबा मालवाहू बोटीवर इंजिनिअर होते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी त्यांच्याबरोबर बोटीवर गेले, आणि चिलीच्या वालपराइसो बंदरात बोट दुरुस्तीला लागली ती चार महिने. आम्ही चढावरच्या एका घरात माडीवर खोली घेतली. त्या देशात तेव्हा रात्रीची संचारबंदी होती. अंधार पडला की घरमालकीणबाई दाराला कडी घालायच्या, मला स्वयंपाकघरात बोलवायच्या आणि बटाटे सोलता सोलता स्पॅनिशमध्ये बोलत राहायच्या. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. ऐकलेलं प्रत्येक वाक्य वहीत उतरवायचे आणि सकाळी बाजारात वापरून बघायचे. चार महिन्यांत मी मासळीवालीशी भांडायला लागले होते.

मग रत्नागिरीला आले आणि चाळीसहून जास्त वर्षं त्या भाषेतला एक शब्द तोंडातून काढला नाही. काढणार कोणाशी?

गेल्या पावसाळ्यापासून पुन्हा सुरू केलं. सकाळी मोबाईलवर धडा, दुपारी वही, चार वाजता मागल्या अंगणात फेऱ्या मारत मोठ्याने वाचन. कुंपणाच्या गडग्यापलीकडची शेजारीण एक दिवस चिऱ्यावर हात टेकून उभी राहिली.

"काय वो वैनी, कोणावर एवढ्या रागावताव?"

"रागावत नाही गं. हॉटेलात खोली मागत्ये."

"अशी मागितलीत तर देतील काय वो ते?"

ती हसत आत गेली. माझं मात्र मन लागेना. शब्द आठवायचा आणि जिभेवर येईपर्यंत निसटायचा. पोळी लाटताना क्रियापदं, देवपूजेत क्रियापदं. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटायचं, हे कशासाठी चाललंय माझं?

दिवाळीत तुमचा बाबा व्हिडिओवर म्हणाला, "आई, तू स्वतः तिथे फोन करून खोली ठरव. ते जमलं तर मी पुढचं तिकीट काढतो. नाही जमलं तर इथेच राहायचं. बोल, कबूल?"

"कबूल," मी म्हटलं.

इथले संध्याकाळचे सहा म्हणजे तिथली सकाळ. मी बंदराजवळच्या एका लहान लॉजला फोन लावला. आवाज तरुण बाईचा होता, आणि काय सांगू, बोलणं जमलं! तिने आईची तब्येत सांगितली, मी आंब्याचा मोहोर सांगितला. वीस मिनिटं बोललो. पेढे वाटायचेच बाकी होते.

तुमच्या बाबाने विचारलं, "तारीख काय दिलीस?"

"म्हटलं, सगळं नीट झालं तर मार्चच्या सुमारास येईन."

"आणि किती दिवस?"

"म्हटलं, बघू, जसं जमेल तसं."

"आई! म्हणजे तिने काहीच लिहून घेतलं नाही. खोली नाही मिळाली तुला."

त्याचं बरोबर होतं. आपल्याकडे प्रवासाचं ठाम बोलत नाहीत. तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ तिकीट खिशात असतानाही म्हणायचे, "बघूया, मुंबईला जायचं म्हणतोय." ठाम बोललं की विघ्न येतं, असं लहानपणापासून ऐकलेलं. सगळ्या कपाटांना लेबलं लावणारी मी, पण प्रवासाची तारीख परक्या बाईला सांगायची वेळ आली तेव्हा जीभ इथलीच निघाली. त्या भाषेचा यात काही दोष नव्हता.

दोन दिवस मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. भांड्यांचं कपाट रिकामं केलं, पुन्हा लावलं. विघ्नाचं निमित्त खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. तारीख सांगितली की जावं लागणार होतं, तेही एकटीने, आणि त्या चढावर सोबत तुमचे आजोबा नसणार होते. याची मला भीती वाटत होती. भीती म्हणून तिचं नाव घेतल्यावर थोडं सोपं झालं.

तिसऱ्या दिवशी सहा वाजता पुन्हा फोन केला. ख्यालीखुशाली विचारली नाही. बारा मार्च, सहा रात्री, एक माणूस. तिने सावकाश माझं नाव लिहून घेतलं, एकेक अक्षर विचारून. पाच मिनिटांत मोबाईलवर निरोप आला, तो तसाच तुमच्या बाबाला पाठवला. त्याचं उत्तर आलं: "मला काळजी वाटते आई. पण तिकीट काढतो."

त्या भाषेतलं आता काय शिल्लक आहे ते सांगते. भूतकाळाची रूपं बहुतेक गेली. घरमालकीणबाईंच्या गोष्टी आठवतात, पण त्यांच्या शब्दांत सांगता येत नाहीत. मासळीचा भाव विचारता येतो, तो जास्त आहे असं म्हणता येतं, रस्ता विचारता येतो, आणि समोरचा भराभरा बोलायला लागला तर त्याला थांबवून सावकाश बोलायला सांगता येतं.