दित्याचं तोंड

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आजही नाही! या सदरात लोक चिंचेखालची बाई आणि विहिरीतला आवाज लिहून पाठवतात, ते वाचून मी मोठ्यानं हसतो, घरातले साक्षीला आहेत. मी नंदुरबारच्या शाळेतून मॅट्रिक झालेला, शहाद्याजवळ घरची शेती बघणारा माणूस. जे झालं तेवढंच लिहितो. पटलं तर बघा, नाहीतर पान उलटा.

लढाई सुरू होण्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. कापूस फुटायला लागला होता, वेचणीला आठवडाभर अवकाश होता. म्हटलं, तीन-चार दिवस सुरत करून येऊ. शाळेतला दोस्त वामन तिथे एका शेठच्या खासगी अजबखान्यात मातीच्या मूर्ती घडवायचा. आणखी दोन मित्र तिकडेच नोकरीला. सामान उचलायला दित्याला सोबत घेतलं. दित्या म्हणजे आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा भिल्ल गडी. सातपुड्यातून उतरून बायकोला, मोगीला घेऊन गावच्या भिलाटीत, भिल्लांच्या वस्तीत, राहिलेला. कडबा कापताना त्याचं उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं होतं. गाडीत बसल्यापासून खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरून बसला, तो थेट सुरतेपर्यंत. मी काय हसलो असेन!

दोन अजबखाने पाहिले, मित्रांच्या घरी पोंक, म्हणजे तिकडचा हुरडा, खाल्ला, गप्पा झोडल्या. दुसऱ्या दिवशी वामनच्या शेठकडे गेलो. तिथे माणसाएवढ्या मूर्ती उभ्या... कोळी, वंजारी, पारशी शेठ. वामन म्हणाला, "भिल्लाचं तोंड जमत नाही रे. तुझ्या गड्याचा साचा काढू का? अर्ध्या तासाचं काम."

दित्याला सांगितलं तर तो मागेच सरकला. "मालक, नको. जित्ता मानूसनं तोंड कोनी काढतस नही. मरी जावावरच काढतस."

त्यांच्यात तशी रीत आहे. माणूस गेला की लाकडाचा खांब कोरायचा, त्याला नाक-डोळे काढायचे आणि बांधावर उभा करायचा. मग त्याच्यापुढे घास ठेवायचा, मोहाच्या दारूची धार सोडायची. ही रीत मला ठाऊक होती. लहानपणापासून ठाऊक होती. तरी मी म्हणालो, "गप पड तिथं, नाटकं करू नको." मित्रांसमोर गडी नाही म्हणतो म्हणजे काय?

नाकात दोन नळ्या खुपसल्या, डोळे मिटवले आणि वामननं तोंडावर प्लास्टर ओतलं. दित्या तडफडला. त्याचा उजवा हात प्लास्टरच्या घमेल्यात गेला. मी दोन्ही हात धरून ठेवले. एक मित्र हसून हसून खाली बसला. भिंतीवरच्या घड्याळात बाराचे ठोके पडत होते.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी गावात आलो. भिलाटीजवळ बैलगाडी थांबली आणि बायांनी एकदम हंबरडा फोडला. मोगीच्या हातात बांगडी नव्हती. बांधावर कोवळ्या सागाचा नवा खांब उभा... पुढे भाकरीचा तुकडा. ती दाराआडूनच ओरडली, "परवा दुपारले उना तो! डोया मिटेल, तोंड पांढरं फक. इचारं, ते बोलनाच नही. दारले हात लावा नि गया!"

परवा दुपारी तो इथे कसा येईल? तेव्हा तर दित्या माझ्या हातांत होता. सुरतेत.

मी झोपडीच्या दाराशी गेलो. काळ्या चौकटीवर पांढरा पंजा उमटला होता. मधलं बोट अर्धं. नखानं खरवडलं तर भुकटी निघाली... प्लास्टरच! तेवढ्यात भिलाटीतला म्हातारा पुजारा येताना दिसला, आणि मी धोतराच्या सोग्यानं तो पंजा पुसून काढला. हो, मीच.

पुजारा शांतपणे म्हणाला, "मालक, एकच सांग. सुरतमा यान्हं तोंड काढं का कोनी? काढं व्हई ते आमी जाईसन फोडी टाकसूत, आमना मानूस घरमा लेसूत. नही काढं व्हई, ते परवा उना तोच दित्या. हाऊ," दित्याकडे बोट करून तो म्हणाला, "दुसरंच काही शे."

दित्यानं माझे पाय धरले. "सांगी दे ना मालक! तूच मन्हा हात धरेल व्हता!"

सगळी भिलाटी माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्या शेताची वेचणी करणारी सगळी माणसं.

"नाही," मी म्हणालो. "असलं काही झालं नाही."

मोगीनं दार लावून घेतलं.

दित्या माझ्या गोठ्यात राहिला. भाकरी दिली की बाजूला सारायचा. "मी जेवनू मालक. मोगीनं वाढं तिकडे, खांबजोगे." पहिल्यांदा मला रागच आला. मग एकदा मुद्दाम पाहिलं. गोठ्यात दित्या दुपारी एकाएकी तोंड हलवायला लागला, हातात काही नसताना, अगदी चवीनं. मी धावत बांधावर गेलो, तर मोगी खांबापुढे घास ठेवून नुकती उठत होती. बांध गोठ्यातून दिसत नाही. मध्ये अख्खं तुरीचं रान आहे.

पुढे मोगी तापाने पडली, आठ दिवस कुणी घास ठेवला नाही. मी भाकरी, भात, दूध, सगळं दित्यापुढे ठेवलं. गयावया केली. त्यानं तोंड उघडलं नाही. नवव्या दिवशी सकाळी तो गव्हाणीजवळ मेलेला सापडला. भिलाटीतून रडायला कुणी आलं नाही. त्यांच्या लेखी तो कधीच गेला होता.

वामनची ती मूर्ती अजून सुरतेत उभी आहे म्हणतात. मी परत गेलो नाही.

पंजा चौकटीवर कसा उमटला, याचा मला आजतागायत उलगडा नाही. गोठ्यातल्या माणसाचं पोट बांधावरच्या घासानं कसं भरायचं, तेही कळलेलं नाही. पंजा मी का पुसला आणि 'नाही' का म्हणालो, ते मात्र मला पक्कं ठाऊक आहे. कापूस फुटला होता.

मोगी अजून माझ्याच शेतात वेचणीला येते. त्या साली कापूस फार छान उतरला.