पहिल्या नंबरावरची गर्दी

माझ्या भाच्याला ऑफिसात ‘बघतो’ म्हणतात. पाठीमागे म्हणतात, तोंडावरही म्हणतात, आणि हा ओ देतो.

कुणी काहीही मागो, याचं उत्तर ठरलेलं: “बघतो. घालतो यादीत.” ‘नाही’ हा शब्द त्याला माहीत नाही असं नव्हे, चांगला पदवीधर आहे. तो तोंडातून बाहेर पडत नाही, एवढंच. लहानपणी त्याने आपली एकुलती एक सायकल द्यायचा शब्द एकाच दुपारी दोन मित्रांना दिला होता. दोघंही दारात येऊन उभे राहिले तेव्हा हा माळ्यावर जाऊन बसला. माझी बहीण म्हणाली, “किती मऊ मनाचं आहे गं पोर!” मी म्हटलं, “मऊ नाही, भित्रं आहे.” बहिणीने आठवडाभर अबोला धरला. माझं मत अजून तेच आहे.

तर हे मऊ मनाचं पोर आता चाळिशीला टेकलंय, आणि त्याला नोकरी मिळावी तीही नेमकी कसली? लोकांच्या मागण्यांतली कुठली आधी, कुठली नंतर आणि कुठली कधीच नाही, हे ठरवायची! पोहता न येणाऱ्याला नावाडी करावं तसं.

त्याची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते. रुग्णाने घरबसल्या फोनवरून वेळ घ्यायची, ती दवाखान्यातल्या संगणकावर दिसायची. आता त्यात रोज कुणाला ना कुणाला काहीतरी बदलून हवं असतं. त्या सगळ्या मागण्यांची जी यादी असते तिला ते लोक बॅकलॉग म्हणतात. आमच्या कॉलेजात बॅकलॉग म्हणजे नापास होऊन मागे राहिलेले विषय. फारसा फरक नाही. ही यादी वरून खाली नीट लावायची, हे भाच्याचं काम. सॉफ्टवेअर लिहिणारी सहा-सात पोरं दर दोन आठवड्यांनी वरची चार-पाच कामं उचलतात आणि पुरी करतात. वरचं होतं, खालचं थांबतं. यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा.

हे सगळं मला ठाऊक, कारण भाचा माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून काम करतो. त्याच्या घरी जुळ्या मुली आहेत. एकीला खिडकी उघडी हवी असते, दुसरीला बंद, आणि हा दोघींना “हो” म्हणतो. शेवटी बायकोने लॅपटॉप आणि नवरा दोन्ही माझ्याकडे पाठवून दिले. मी काही कान देऊन ऐकत नाही. पण घर लहान आहे, याच्या फोनचा आवाज मोठा आहे आणि मी अजून बहिरी झालेले नाही.

सकाळी विक्रीवाल्याचा फोन. “दादा, गिऱ्हाईक अगदी हातात आलंय. तेवढं पावतीवर त्यांचं चित्र छापून द्या की.”

“बघतो. पहिल्या नंबरावर घेतो.”

मग मालकांचा. त्यांना स्वप्न पडलं होतं की सॉफ्टवेअर उघडताक्षणी पडद्यावर कंपनीचं चिन्ह गिरक्या घेत यावं.

“वा सर! पहिल्या नंबरावर.”

मग तपासणीवाल्या मुलीचा. पोरांनी केलेल्या कामात चुका शोधायच्या, ही तिची नोकरी. जीभ माझ्यासारखी आहे, म्हणून मला आवडते.

“सर, पहिल्या नंबरावर आता चाळीसेक कामं उभी आहेत.”

“सगळीच महत्त्वाची आहेत गं.”

“हो ना. म्हणून पोरं आपल्या मनाला येईल ते उचलतात. या खेपेला सगळ्या बटणांचे कोपरे गोल केलेत. फार गोजिरी दिसताहेत.”

“चला, एक तरी झालं,” भाचा म्हणाला.

एक ना धड, भाराभर चिंध्या. मी काही बोलले नाही. खरं तर बोलले, पण तोवर त्याने हेडफोन लावला होता.

मागच्या महिन्यात माझ्या डोळ्याची तपासणी होती. भाच्याने मोठ्या कौतुकाने स्वतःच्याच सॉफ्टवेअरमधून माझी वेळ घेतली. “बघ मावशी, तीन वेळा बोट टेकवलं की काम झालं.” गाडीने मला घेऊनही गेला. दवाखान्यातली बाकं भरलेली, माणसं भिंतीला टेकून उभी, आणि काउंटरवरच्या बाईंच्या कपाळावर घाम.

“आजी, तुमचे डॉक्टर आज रजेवर आहेत,” त्या म्हणाल्या.

आजी म्हटलेलं मला खपत नाही, पण ते नंतर. “मग मला आजची वेळ दिली कुणी?”

“त्या सॉफ्टवेअरने, अजून कुणी! डॉक्टरांची रजा आम्ही गेल्याच आठवड्यात भरली. पण ते आधी दिलेल्या वेळा रद्द करत नाही, रुग्णांना कळवत नाही. माणसं कामाचे खाडे करून येतात आणि शिव्या मला घालतात. त्या काकांना विचारा, मुलीला रजा काढायला लावून आलेत.”

काकांना विचारावं लागलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं.

“मग कंपनीला कळवा की,” मी म्हटलं. भाचा माझ्यामागे उभा राहून भिंतीवरचं डोळ्याचं चित्र अभ्यासत होता.

“सहा महिने कळवतोय. दर वेळी कुणीतरी अगदी गोड आवाजात म्हणतो, पहिल्या नंबरावर घेतलंय म्हणून.”

“तिथे गर्दी असेल,” मी म्हटलं.

“असू दे. महिनाअखेरीला आमचे मोठे डॉक्टर दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेताहेत. आमच्या चौदाही शाखांत.”

मी मागे वळून बघितलं. भाच्याचा चेहरा पांढराफटक. गाडीत बसल्यावर मी विचारलं, “चौदा शाखा गेल्या तर?”

“तेच आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे मावशी. ते गेलं तर ही टीमच राहणार नाही. मालक पोरांना घरी पाठवतील.”

“आणि तुला?”

“मला आधी.”

“भीड भिकेची बहीण,” मी म्हटलं. त्याने गाडी सुरू केली. नेहमी मागच्या प्रत्येकाला पुढे जाऊ देतो, त्या दिवशी कुणालाही वाट दिली नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणीवाली मुलगी घरी आली. भाच्यानेच बोलावलं होतं. एकेका कागदाच्या तुकड्यावर एकेक काम लिहून त्यांनी माझं टेबल भरून टाकलं. अट अशी की तुकडे एकाखाली एक लावायचे. शेजारीशेजारी दोन ठेवायचे नाहीत.

“रजेचं सगळ्यात वर,” भाचा म्हणाला. इथवर सोपं होतं. “त्याच्याखाली पावतीवरचं चित्र. आणि त्याच्या बाजूलाच—”

“बाजूला काही नाही सर. वर किंवा खाली.”

असं तासभर चाललं. प्रत्येक तुकडा खाली सरकवताना हा असा चेहरा करायचा, जणू कुणाला घराबाहेर काढतोय. शेवटी एक तुकडा त्याच्या हातातून सुटेना.

“ते काय आहे सर?”

“रुग्णाला वाढदिवसाच्या शुभेच्छा. आपोआप जातील. माझी कल्पना आहे ती.”

“डॉक्टर रजेवर असताना आलेल्या माणसाला शुभेच्छा?” मुलीने विचारलं.

तुकडा तळाशी गेला. मी आत जाऊन चहा ठेवला. हसू दाबायचं म्हणजे काहीतरी काम लागतं.

एवढ्यात मालकांचा फोन. पुढच्या आठवड्यात कुठलंसं प्रदर्शन होतं, त्याआधी त्यांना ते गिरक्या घेणारं चिन्ह हवं होतं. भाचा उठून उभा राहिला, बसला, परत उठला.

“सर, ते... नाही.”

पलीकडून “काय?” आलं.

“म्हणजे, हो. नाही. म्हणजे, होय सर, नाहीच होणार.”

“मग माझं कितव्या नंबरावर आहे?” मालकांचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

“एकोणतिसाव्या.”

“आणि अठ्ठाविसावं काय आहे?”

भाच्याने टेबलावर वाकून बघितलं. “छापलेल्या पानावर खाली एक रेघ जास्तीची येते सर. ती काढायची आहे.”

“रेघ? रेघ माझ्या वर?”

“रेघ लोकांना रोज दिसते सर.” मग दम घेऊन त्याने दवाखान्यातली बाकं सांगितली, ते काका सांगितले, चौदा शाखा सांगितल्या. मावशीही सांगितली, तिखटमीठ लावून. मालक फोन ठेवताना एवढंच म्हणाले, “महिनाअखेरीला ते गिऱ्हाईक गेलं ना, तर मीच यादी लावीन.”

फोन ठेवल्यावर भाच्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मुलीने त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

पोरांनी त्या खेपेला रजेचं काम उचललं, कारण वर दुसरं काही नव्हतंच. गोल कोपरे देणाऱ्या मुलाने जरा तोंड वाकडं केलं म्हणे. करू दे.

महिनाअखेरीच्या आधी दोन-तीन दिवस काउंटरवरच्या बाईंचा फोन आला. भाच्याने मला नीट ऐकू यावा म्हणून आवाज आणखी मोठा केला. “काल डॉक्टर रजेवर होते,” त्या म्हणाल्या, “आणि माझ्यासमोर एकही माणूस नव्हता. सगळ्यांना निरोप गेला, नव्या वेळाही मिळाल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, तूर्त वर्षभर राहू दे हेच.”

भाच्याने डोळे मिटले. मीही स्वतःच्या नकळत खुर्चीत टेकून बसले.

“आता एक करा,” बाई पुढे म्हणाल्या, “उशिरा येणाऱ्यांची नावं लाल रंगात दाखवा. लगेच हवंय.”

भाच्याने डोळे उघडले. “करू की. पण तुमचीच आणखी दोन कामं वर आहेत. यातलं कुठलं मागे सारू?”

“अहो, ते मी कसं सांगणार? हे तुमचं काम ना?”

“माझं काम विचारायचं आहे,” भाचा म्हणाला. आवाज जरा चिरकला, पण म्हणाला.

पलीकडे बाई कुणाशी तरी कुजबुजल्या. मग म्हणाल्या, “थांबा, डॉक्टरांना विचारून सांगते. पण लाल रंग सोडणार नाही हं मी.”

“थांबतो,” भाचा म्हणाला, आणि फोन कानाला लावून खरोखरच थांबला.