सहाशे बारा मीटरवरची भिंत

आत्या हे नाव तिला एका शिपायामुळे चिकटलं. तो तिचा खरा भाचा. तो नोकरी सोडून गेला, नाव मागे राहिलं. आता वयाने मोठे असलेले साहेबही कधी चुकून तिला आत्या म्हणत आणि मग उगाच खोकत.

आर्किटेक्टच्या त्या ऑफिसात ती एकतीस वर्षं नकाशे काढत होती. पहिली अकरा वर्षं उभ्याने, तिरप्या बोर्डावर, शाईच्या पेनाने. चुकलं तर ब्लेडने कागद खरवडून. मग कॉम्प्युटर आले. त्या वर्षी तिचं पाच किलो वजन उतरलं आणि सव्वाशे कमांड पाठ झाल्या. पुढे आलेल्या प्रत्येकाला तिने एकच नियम शिकवला: टोक पकडल्याशिवाय रेघ ओढायची नाही. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. कर्सर एखाद्या बिंदूजवळ नेला की लोहचुंबकाला टाचणी चिकटावी तसा तो त्या बिंदूला चिकटतो. अंदाजाने रेघ ओढणाऱ्याला ती शांतपणे विचारायची, घरी दारही अंदाजानेच शोधतोस का.

गुरुवारी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि खिडकीकडे बघत सांगितलं, सोमवारपासून तुम्ही रेकॉर्ड रूम बघा.

कारणही सांगितलं. टेकडीवरच्या शाळेचं ड्रॉइंग आठवडाभर अडलं होतं. खोल्यांची क्षेत्रफळं निघत नव्हती. विभागप्रमुखाचं म्हणणं असं पडलं की बोर्डावरून आलेल्या हातांच्या रेघा सैल असतात. हा विभागप्रमुख म्हणजे शॉर्टकट. तिशीचा, माउसला जवळजवळ हात न लावता काम करणारा. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

रेकॉर्ड रूम तिला माहीत होती. गुंडाळलेल्या नकाशांची लांबलचक खोली. इमारती केव्हाच उभ्या राहिलेल्या, कागद मागे उरलेले. तिथे बसणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाला की तिथे निदान पंख्याचा वारा तरी नीट लागेल. पानं घेईपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही.

शुक्रवारी पाच वाजेपर्यंत ड्रॉइंग शिक्षण खात्यात पोचायचं होतं. दोन वाजता शॉर्टकटने बाह्या दुमडल्या. क्षेत्रफळ काढायला खोलीच्या चार भिंतींच्या आत तिरप्या रेघा भरायची आज्ञा दिली की सॉफ्टवेअर म्हणायचं, हद्द बंद नाही. त्याने फाइल तपासून घेतली, नको असलेलं झाडून काढलं, सगळं उचलून नव्या फाइलमध्ये ओतलं, मशीन बंद करून चालू केलं. हद्द बंद नाही. तीन वाजता तो सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायच्या गोष्टी बोलू लागला.

"आत्या, तुमच्या कोपऱ्यांत कुठेतरी फट आहे," तो म्हणाला.

"फट दाखव. मग बोल."

त्याने कोपरा मोठा केला, आणखी मोठा केला, वाळूच्या कणाइतका कोपरा अंगणाएवढा केला. दोन्ही रेघा एकमेकींना टेकलेल्या. फट नव्हती. मग तिने एका भिंतीची लांबी मोजायला लावली. भिंत नऊ मीटरची होती. स्क्रीनवर आकडा आला नऊ मीटर चार सेंटी.

ती थोडा वेळ त्या चार सेंटीकडे बघत राहिली. चार सेंटी कुठे तरी असायलाच हवे होते. कागदावर नव्हते.

बोर्डावर काम करताना ती एक करायची. कागद ताणून बसवला की वाकून डोळा टेबलाच्या कडेला आणायचा. वरून सपाट दिसणारा कागद कडेने बघितला की कुठे फुगलाय ते कळतं. आताही ती वाकली, आणि स्क्रीनच्या कडेने काय दिसणार हे लक्षात येऊन स्वतःशीच हसली.

"उठ जरा," ती शॉर्टकटला म्हणाली. "हे ड्रॉइंग कडेने बघू."

नकाशा कायम वरूनच बघतात. तिने दृश्य आडवं केलं आणि शाळा नाहीशी झाली. खाली एक बारीक रेघ, खूप वर दुसरी, मधे नुसता काळोख. वरच्या रेघेजवळ गेल्यावर दिसलं की बाहेरच्या भिंती तिथे तिरक्या लटकताहेत, सहाशे बारा मीटरवर. आतल्या भिंती खाली, शून्यावर. वरून बघावं तर गळ्यात गळा, कडेने बघावं तर तोंडओळखही नाही.

उत्तर शॉर्टकटच्याही लक्षात आलं होतं. सर्वेअरने टेकडीवर ठोकलेल्या खुंट्या फाइलमध्ये होत्या, आणि प्रत्येक खुंटीला समुद्रसपाटीपासूनची तिची उंची होती. बाहेरच्या भिंती काढताना प्रत्येकाने नियमाप्रमाणे टोक पकडलं. ते खुंटीचं होतं. रेघ खुंटीबरोबर टेकडी चढून गेली. आतल्या भिंती खुंट्या फाइलमध्ये येण्याआधीच्या, त्या खालीच राहिल्या.

"म्हणजे नियम पाळला म्हणून चुकलो?"

"हो. आळशी माणसाचं ड्रॉइंग बरोबर आलं असतं." मग तिने कुणी कुठली भिंत काढली त्याची यादी बघितली. "यातल्या सात भिंती माझ्या आहेत. नियमही माझा."

हे ती साहेबांसमोर बोलली. ते केव्हा मागे येऊन उभे राहिले होते ते कुणाला कळलं नव्हतं.

तिने सर्वेअरच्या खुंट्यांचा थर आधी कुलूपबंद केला, म्हणजे त्यांना धक्का लागणार नाही. जमिनीचा चढ खरा होता, तो पुसायचा नव्हता. मग सगळ्या भिंती निवडून दोन्ही टोकांची उंची शून्य केली. एंटर दाबलं. वरून काहीच हललं नाही. तीच शाळा, तेच वर्ग. लांबी मोजली: नऊ मीटर. कडेने बघितलं: एकच रेघ, तलावाच्या काठासारखी सपाट. पहिल्या वर्गात क्लिक केलं आणि तिरप्या रेघा भिंतीपासून भिंतीपर्यंत भरून आल्या. दुसरा वर्ग. प्रयोगशाळा. लांबलचक व्हरांडा. शॉर्टकट एकेक क्षेत्रफळ मोठ्याने वाचत होता. आधी कोरड्या आवाजात, मग क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा. बाकीचे आपापली टेबलं सोडून येऊन उभे राहिले. शेवटची बेरीज जुळली तेव्हा तोच म्हणाला, सैल रेघांबद्दल बोललो ते मी परत घेतो.

साडेचारला प्लॉटरमधून कागद खाली उतरू लागला. साहेबांनी तो हातावर तोलून धरला, शाई वाळेपर्यंत. मग खोकले.

"आत्या, मग सोमवारपासून रेकॉर्ड रूममध्ये कुणाला बसवू?"

"तिला कुलूप लावा, साहेब," ती म्हणाली. "सोमवारी मी या सगळ्यांना कडेने बघायला शिकवणार आहे."