सरहद्दीवरचा रिकामा डबा

कॉव्हेंट्रीच्या आमच्या मराठी मंडळात तीन वर्षांपूर्वी दोन तट पडले. एकाचा म्होरक्या मी, दुसऱ्याचा माझा शाळासोबती सदा. गणपतीत मी शाळेतली कविता म्हणत होतो. चौथ्या कडव्यानंतर भाव दाटावा म्हणून जरा थांबलो, तोच सदाने “समोसे गार होतायत” म्हणत माईक काढून घेतला. तेव्हापासून अबोला. आमच्या दोघांच्या बायका मात्र रोज फोनवर. स्कॉटलंडच्या सरहद्दीची दोन दिवसांची ट्रिप त्यांनीच ठरवली.

सकाळी सातला निघालात तर एम-सिक्स मोटरवेने साडेअकरापर्यंत कार्लाइल येतं. मी हल्ली गाडी चालवत नाही, म्हणून स्टिअरिंगवर सदा.

“त्यांना सांगा, खिडकी लावा,” सदा.

“त्यांना म्हणावं, बटण तिकडेही आहे,” मी.

कार्लाइलच्या म्युझियममध्ये दोन तास हवेतच. तिथल्या बाई सांगत होत्या, की इथली घराणी शतकानुशतकं एकमेकांची गुरं पळवत, घरं जाळत. एकाच राजाची माणसंही आपसात भांडत. घरातलं खाणं संपलं की मालकीण ताटात घोड्याला टोचायच्या लोखंडी टाचा वाढी. अर्थ एवढाच, की उठा, लुटून आणा. माझी मालती हे फारच लक्ष देऊन ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी न्यूकॅसलटन गावाच्या अलीकडे ओढ्याशी थांबलो. हीच सरहद्द. पार्किंग फुकट, पण चहासुद्धा मिळत नाही, डबा न्याच. सदा पूल ओलांडून स्कॉटलंडात बसला, मी इंग्लंडात. धुकं, पाण्याची झुळझुळ. मला थेट पाचवीचा वर्ग आठवला. डबा उघडला तर आत गाडीची किल्ली.

“अहो, खाणं संपलं,” मालती म्हणाली. “गावात सूप मिळतं. गाडी सदाभाऊजी चालवतात.”

भुकेपुढे काय चालणार? किल्ली घेऊन पूल ओलांडला.

“चल,” मी म्हणालो.

“कुठे?”

“लुटायला.”

त्याने गाडी सुरू केली. मग म्हणाला, “पाचवं कडवं म्हण बघू.”

मी तोंड उघडलं. काही आठवेना. सदाने रस्त्यावरची नजर न हलवता ते अख्खं म्हणून दाखवलं.

“त्या दिवशीही तुला आठवत नव्हतं,” तो म्हणाला. “समोसे गरमच होते रे.”

सूप बरं होतं. परतलो तेव्हा दोघी ओढ्याकाठी थालीपिठं खात होत्या.

घरी येऊन महिना झाला. तट आहेत तसे आहेत. समेटाचं त्यांना कळवायचं राहूनच गेलंय. यंदा गणपतीत मात्र मी पाचही कडवी म्हणणार आहे. सदा समोर बसेल, ओठ हलवत.