नळीची लांबी

आबाकाकांना शेतीसंरक्षणाचा परवाना पुन्हा मिळाला, तेव्हा मी त्यांच्यासोबत बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने दोन बंदुका काढून ठेवल्या.

"लांब नळीची घ्या, काका. नेम स्थिर राहतो. आखूड हलकी असते, पण दणका जास्त."

काकांनी लांब बंदूक खांद्याला लावली आणि टोकाकडे बघतच राहिले.

"ही वेलीत अडकते," ते म्हणाले.

दुकानदार हसला. मला हसू आलं नाही. काही वर्षांपूर्वी काजूच्या बागेत रानडुकरामागे जाताना काकांची नळी अशीच वेलीत अडकली. त्यांनी हिसडा मारला आणि बार उडाला. पुढे चालणारा शंकर, त्यांचा बालमित्र, पुन्हा उठला नाही. अपघात म्हणून काका खटल्यातून सुटले.

त्यांनी आखूड बंदूक घेतली. चार-सहा इंचांनी काय टळलं असतं, हा हिशोब ते इतकी वर्षं मनाशी करत असणार, असं मला वाटून गेलं.

डुकरं अजून येतात. काका आता एकटेच बागेत जातात. पण पायवाटेवर मध्येच थांबतात, पुढे कुणी नसतानाही पुढच्याला थोडं लांब जाऊ देतात आणि मगच पाऊल उचलतात.