अण्णा मराठीत सांगायचे

आज व्यायाम, वाचन, जेवण सगळं आटोपून टीव्ही लावला, तर ती जुनी कन्नड मालिका पुन्हा लागली होती. शीर्षकगीत कानावर पडलं आणि बनशंकरीच्या याच घरातली लहानपणीची एक रविवार दुपार आठवली. एरवी पुस्तकात डोकं घालून गप्प बसणारे अण्णा, माझे वडील, सुपारी कातरता कातरता आईला एकेक संवाद मराठीत सांगत होते. "स्वल्प हळू सांगा हो," आई म्हणाली आणि ते चक्क हसले.

अण्णा आता नाहीत. म्हणून मीच आईला विचारलं, "मी सांगू का गं मराठीत?"

"नको. मला तेव्हाही सगळं कळत होतं," टीव्हीकडे बघतच ती म्हणाली. "पण तेवढंच तर बोलायचे ते माझ्याशी."