गोऱ्याच्या पोराशेजारी

आमच्या शिरूरला एकेकाळी गोऱ्यांची छावणी होती. पलटण केव्हाच गेली, मेलेले तेवढे राहिले. त्यांच्या थडग्यांवरचे दगड गावानं उचलून आणले. कुणी उंबऱ्याला बसवले, कुणी मोरीत. कोरलेल्या अक्षरांवर धुण्याचा मळ चांगला निघतो, असं आमच्याच घरात म्हणायचे. त्यातल्याच एका उंच थडग्यावर सुगीची पहिली कणसंही ठेवायचे. लुटायचं आणि पुजायचं, दोन्ही आम्हाला एकदम जमतं.

तिथंच माझ्या काकांनी त्यांची पहिली मुलगी पुरली. एक दिवसाची होऊन गेली. तान्ह्या पोराला आमच्यात जाळत नाहीत. नाव ठेवलेलं नसतं, दहावं नसतं, आणि जागा आईला सांगायची नसते. तिचा जीव तिथंच घुटमळला तर पुढचं मूल टिकत नाही म्हणे. काका मीठ आणि फडकं घेऊन गेले, परत येऊन पाय धुतले आणि जेवायला बसले. काकूनं विचारलं, कुठं? त्यांनी घास चावतच सांगितलं, "त्या गोऱ्याच्या बारक्या पोराशेजारी."

तेवढ्यावर ती बाई जगली. मी शाळेत इंग्रजी शिकायला लागले तेव्हा तो लहानसा दगड वाचायला मला घेऊन गेली. वर्षाच्या आतला मुलगा, तापानं गेलेला. मी सांगितलं तसं ती म्हणाली, "म्हंजी सोबत हाय तिला." पुढं तिला दोन मुलगे झाले, तरी सणासुदीला ती दोन वाट्या घेऊन जायची. एक आपल्या मुलीची, एक त्याची. बाया हसायच्या. तिला काही फरक पडायचा नाही.

अलीकडे त्या जागेला बरे दिवस आले. पूर्वजांना शोधत परदेशातून माणसं येतात, म्हणून कंपाउंड, दिवे आणि गेटापाशी पार्किंग करायचं ठरलं. काम काकांनाच मिळालं. तालुक्यात त्यांचं वजन आहे. जेसीबी आला तशी काकू घाबरली. "अवो, तेवढी जागा उकरू नका," ती म्हणाली.

"थडग्यांना हात लावायचाच न्हाई," काका म्हणाले. "वरनं ऑर्डर हाय."

आणि खरंच, लहान थडगं धुऊन निघालं, भोवती साखळी लागली. काकूनं बिहारी मजुरांना खीर करून घातली. तिला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

काम संपल्यावर काकांनी चार पाहुण्यांना पुरणपोळीचं जेवण दिलं. वाढता वाढता काकू बोलून गेली, "बरं झालं, आपली पोरगीबी साखळीच्या आत आली."

पाहुण्यांसमोर काकांना ते लागलं. "ती तिथं न्हाईच," ते म्हणाले. "तवा आत नुसती बोराटी व्हती, कोण घुसतंय? गेटापाशी बाभळीखाली पुरली. ती बाभूळ काढली की परवा."

एका पाहुण्यानं विचारलं, "मग, काय निघालं का?"

"निघाली बारकी हाडं. कुत्र्याची का माणसाची, कोण बघतंय? गेली मुरमात." मग काकूकडं न बघता म्हणाले, "पोळी वाढ."

तिनं वाढली. वर तूपही घातलं. मला त्या माणसाची तेव्हा चीड आली, आजही येते.

आता बाभळीच्या जागी सिमेंटचे ब्लॉक आहेत आणि त्यांवर काकांची पांढरी गाडी उभी असते. संध्याकाळी ते तिथं माणसं जमवून बसतात. परवा सणाला मी काकूबरोबर गेले. एक वाटी तिनं साखळीपाशी ठेवली. दुसरी घेऊन गेटापाशी आली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "गाडी जरा मागं घ्या."

ड्रायव्हरनं काकांकडं पाहिलं.

"ऱ्हाऊ दे हाय तिथं," काका म्हणाले.

काकू गुडघ्यांवर बसली आणि वाटी हातानं गाडीखाली सरकवली.